मूठभर कोंड्याची पोरं

काजळपाड्यातली जुनी माणसं भेटली की म्हणतात, "बाई, आमच्या पोरी शिकल्या त्या तुमच्यामुळे." ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. मी शिकवत होते, त्याचा पगार घेत होते आणि संध्याकाळी डोंबिवलीला माझ्या घरी जात होते. त्या गावच्या मुली शाळेत टिकल्या त्या हौसाबाईंमुळे. हौसाबाईंना स्वतःची सही येत नव्हती. त्यांचा फोटोही कुणी काढलेला नाही. म्हणून त्या जशा आठवतात तशा लिहून ठेवते.

त्यांच्याकडे बघितल्यावर आधी लक्षात यायची ती त्यांची चाल. उंच, काळ्यासावळ्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि चालताना डावी बाजू जराशी बाहेर काढलेली. डोक्यावर भाजीची पाटी असो वा नसो, तशाच चालायच्या. मी एकदा विचारलं, "पाय दुखतो का हो?"

"पाय कशाला दुखतोय?" त्या हसल्या. "ही कंबर हाय ना, हिच्यावर पाच भाऊ वाढले माझे. एक खाली उतरला का दुसरा वर. पाचाची पण माणसं झाली, बाय. मी तेवढी कंबर रायली."

मी काजळपाड्याला पहिल्यांदा गेले ती बावन्न सालच्या जूनमध्ये. तेव्हा मानपाड्याला कारखान्यांचं नावही नव्हतं. डोंबिवली सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेतं आणि गवताची कुरणं. शीळफाट्याकडे जाणारी वाट धरून बरंच चाललं की डाव्या हाताला वीस-पंचवीस कौलांची घरं दिसत, ते काजळपाडा. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. इयत्ता चार, शिक्षिका मी एकटी. भिंतीवर एक नकाशा होता, त्याचा खालचा भाग वाळवीनं खाल्लेला, त्यामुळे आमच्या हिंदुस्थानाला कन्याकुमारी नव्हती. स्कूल बोर्डाकडून पुस्तकं यायची ती दिवाळीनंतर. तोपर्यंत एका पुस्तकाभोवती सगळा वर्ग डोकी जोडून बसे, आणि समोरच्या बाजूला बसणारी दोन मुलं उलटी अक्षरं वाचायला पटाईत झाली होती.

हे सगळं निभावत होतं. न निभावणारी गोष्ट एकच होती: मुली.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला होता. पहिलीत मुली नाव घालायच्या, दुसरीत यायच्या, आणि तिसरीत एकेक नाहीशी व्हायची. कारण गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी ते सांगतही नसे. भात कापून झालं की शेतात वाल, मुळा, वांगी लागत. आया पहाटे भाजीची पाटी घेऊन डोंबिवलीच्या बाजाराला निघत, त्या उन्हं चढल्यावर परतत आणि जेवून पुन्हा शेतात जात. तान्हं मूल कुणी बघायचं? घरातल्या थोरल्या मुलीनं. आठ-नऊ वर्षांची पोर कडेवर भाऊ घेऊन गावभर फिरत असे. शाळेच्या दारापर्यंतही येई. आत मात्र येत नसे, कारण मूल रडलं की चार इयत्तांचा गोंगाट मला एका आवाजानं आवरता येत नसे.

अशीच तुळसा गेली. गावातल्या जाणत्या माणसांपैकी एक होते धोंडीबा, त्यांची ती थोरली मुलगी. इतकी तल्लख मुलगी मला पुढे फार थोड्या वेळा भेटली. गुणाकार तिला शिकवावे लागत नसत, फक्त दाखवावे लागत. ती तिसरीत असताना तिला भाऊ झाला, नाथा. त्याच्या आधीची दोन बाळं गेली होती, त्यामुळे घरात नाथाला खाली ठेवत नसत. भात कापून झाल्यावर तुळसाची आई मालन पाटी घेऊन बाजाराला जाऊ लागली आणि नाथा तुळसाच्या कडेवर आला. तुळसाची लिहायची पाटी माझ्या कपाटात राहिली.

मी धोंडीबांच्या घरी गेले. त्यांनी मला घोंगडीवर बसवलं, चहा दिला, आणि सगळं कबूल केलं. "बाई, तुमचं बरोबर हाय. पोर हुशार हाय, मना पण कळतंय. पण नाथाला काय झालं तर? भाजी नाय इकली तर खायचं काय?" माझ्या ट्रेनिंगच्या दोन वर्षांत कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर दिलेलं नव्हतं.

तिथून निघाले तर ओट्याच्या टोकाला हौसाबाई उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मास्तरीण बाय, नाथाला मी बघीन. पाटी सोडतंय मी. आता मानेनं पण होत नाय."

मला वाटलं, प्रश्न सुटला. तो सुटायला पुढे पंधरवडा गेला. हौसाबाईंचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला होता. त्यांना मूल नव्हतं. आणि मूलबाळ नसलेल्या विधवेच्या हातात आपलं तान्हं द्यायला त्या गावात कुणीही तयार नव्हतं. त्या आजारी माणसाला पाणी पाजायला चालत, लग्नात भाकऱ्या भाजायला चालत, पण पाळण्याजवळ उभ्या राहिल्या की बाया पदर आडवा धरत. मालन तर सरळ म्हणाली, "दोन गेलीत माझी. तिसऱ्याला हिची नजर नको."

हे हौसाबाईंच्या तोंडावर म्हटलेलं मी ऐकलं. मला राग आला, मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबला. मालनवर त्या रागावल्या नाहीत. "दोन गेलीत तिची," एवढंच मला म्हणाल्या.

त्यानंतर जे त्यांनी केलं, ते सुचायला काजळपाड्यातच जन्म घ्यायला हवा होता.

त्या गावात एक रीत होती. एखाद्या बाईची मुलं जगत नसली, तर नवं बाळ सुपात घालून दुसऱ्या बाईला विकायचं. ती बाई मूठभर कोंडा देऊन बाळ विकत घेई. मग ते बाळ आधीच्या आईचं राहत नसे, म्हणजे आधीच्या आईच्या कपाळीचं दुःखही त्याला लागत नसे. नंतर आई त्याला परत घेई, पण नावाला ते दुसरीचंच. गावातले निम्मे धोंडू, कोंडू आणि दगडू असेच आले होते. नाथाच्या वेळी हे केलेलं नव्हतं, कारण मालनची माहेरची माणसं शहाडची होती आणि त्यांना ते मागासलेलं वाटलं होतं.

एका सकाळी हौसाबाई हातात सूप आणि पदरात कोंडा घेऊन धोंडीबांच्या दारात उभ्या राहिल्या. मी शाळा उघडायला निघाले होते, म्हणून माझ्या डोळ्यांदेखत हे घडलं.

"मालन, नाथाला इकतेस का?"

"काय गो बोलतेस?"

"रोज इकायचा. सकाळी मना इकायचा, उन्हं उतरली का परत घ्यायचा. दिवसभर तो माझा पोर. स्वतःच्या पोराला कोण नजर लावतंय का? आणि तुझ्या घरची पीडा त्याला दिवसा शोधायला आली, तर तो घरात नसंलच."

धोंडीबा बाहेर आले. "हौसा, येडी झालीस का? असं रोज रोज कुणी इकतं का?"

"तू तर बोलूच नको. तुला तुझ्या आयशीनं माझ्या आजीला इकलेला, पायलीभर कोंड्याला. दुसऱ्याला मूठभर लागतो, तू जाडा होतास म्हणून पायली. त्या हिशोबानं तू अजून आमच्याच घरातला. मग नाथा माझा कोण लागतो, सांग!"

धोंडीबांना हसू आवरेना. ओट्यावर जमलेल्या बायाही हसल्या. मालन मात्र हसली नाही. तिनं बराच वेळ नाथाकडे बघितलं, मग स्वतः त्याला सुपात ठेवलं. हौसाबाईंनी तिच्या ओच्यात मूठभर कोंडा टाकला आणि सूप उचलून चालू लागल्या. मागून मालन ओरडली, "संध्याकाळी परत देशील ना गो?"

"कोंडा जपून ठेव, म्हणजे देईन!"

तुळसा त्याच दिवशी शाळेत आली. पाटी मागताना तिला माझ्याकडे बघवत नव्हतं, इतका तिला आनंद झाला होता.

महिन्याभरात हौसाबाईंकडे सात-आठ पोरं झाली. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि लहान मुलांना अधूनमधून बहीण दिसली नाही की ती टाहो फोडत. म्हणून मी शाळेची पडवी देऊ केली. तिथे जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या गेल्या. सकाळी पडवीत सौदा चाले: आया कोंडा घेत, पोरं देत, पाट्या उचलून निघत. संध्याकाळी तोच कोंडा परत येई. हौसाबाईंनी तर तो फडक्यात बांधून खुंटीला लावून ठेवला होता, रोज नवा कुठून आणायचा!

हौसाबाई मुलं सांभाळत म्हणजे नुसत्या बसत नसत. रांगणाऱ्याच्या कमरेला सैल दोरी, तिचं दुसरं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला. दोरी ताणली गेली की कोण कुठे चाललंय ते न बघता कळे. पोरं झोपावीत म्हणून काही घरांत अफूचा कण चाटवत. हौसाबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "चाटवलेलं पोर मी इकत घेनार नाय. झोपलेला माल मना नको." तेव्हापासून ते चाटवणं बंद झालं. शाळेत मी पाढे म्हणून घेत असे, त्याच तालावर पडवीत झोळ्या हलत. दोन वर्षांचा नाथा 'बे चोक आठ' म्हणत असे, आणि त्याला ते झोपायचं गाणं वाटत असे.

तुळसा चौथीत गेली. तिच्याबरोबर आणखी तीन मुली चौथीत होत्या. काजळपाड्यातल्या मुली चौथीच्या परीक्षेला बसणार, हे त्या गावात पहिल्यांदाच घडणार होतं. त्या चौघींनी परीक्षा दिली असती, तर धाकट्यांच्या घरांनाही धीर आला असता. सगळं त्यावर होतं, आणि ते मला आणि हौसाबाईंना माहीत होतं.

परीक्षेच्या थोडं आधी डिप्टीसाहेब तपासणीला आले. सायकल हातात धरून, धोतराचा सोगा खोचून, घामानं भिजलेले. माणूस तसा वाईट नव्हता, कामाला चोख होता. पडवीच्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. समोर चार झोळ्या, दोरीला बांधलेली तीन पोरं आणि मधोमध हौसाबाई.

"बाई, हे काय आहे?"

मी सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचा हेतू चांगला आहे, मला दिसतंय. पण शाळेच्या इमारतीत तान्ही मुलं ठेवता येत नाहीत. उद्या एखाद्याला काही झालं, तर बोर्ड मला विचारेल, आणि मी तुम्हाला. उद्यापासून ही मुलं इथे दिसता कामा नयेत."

मी काही बोलायच्या आत हौसाबाई उठल्या.

"उद्या कशाला, साहेब? आत्ताच नेते."

त्यांनी पहिली झोळी सोडली. बाळ उचललं, वर्गात आल्या आणि दुसरीतल्या एका मुलीच्या कडेवर ठेवलं. "जा गो, घरी जा." मग दुसरं. मग तिसरं. एकेक मुलगी उठत होती, पाटी खाली ठेवत होती, बाळ सावरत बाहेर जात होती. वर्गाची डावी बाजू रिकामी होत चालली. चौथीतल्या तिघी गेल्या.

तुळसा फळ्याजवळ होती. साहेबांसाठी म्हणून मी तिला मोठा भागाकार घातला होता, तो अर्धा झाला होता. हौसाबाईंनी नाथाला तिच्या कडेवर दिलं. तुळसानं त्याला सवयीनं घेतलं, पण ती दाराकडे वळली नाही. खडू हातात तसाच धरून तिनं साहेबांकडे बघितलं.

"साहेब, भागाकार अर्धा रायलाय. करू का जाऊ?"

हौसाबाई दारात उभ्या होत्या. साहेबांनी फळ्याकडे बघितलं, मग वर्गाच्या रिकाम्या बाजूकडे.

"कर," ते म्हणाले.

तिनं वळून संख्या लिहायला घेतली. नाथानं खडूला हात घातला. तिनं तो चुकवला, त्यानं पुन्हा घातला. शेवटी डिप्टीसाहेब पुढे झाले आणि त्यांनी नाथाला तिच्याकडून घेतलं. नाथानं लगेच त्यांच्या खिशातलं पेन काढून तोंडात घातलं. तुळसानं भागाकार पुरा केला, बाकी लिहिली, खाली दोन रेघा मारल्या, आणि ताळा करून दाखवला, जो तिला कुणी मागितला नव्हता.

"बरोबर," साहेब म्हणाले. मग नाथाच्या तोंडातून पेन सोडवत विचारलं, "हा कुणाचा?"

"दिवसाचा माझा," हौसाबाई म्हणाल्या. "रात्रीचा हिच्या आयशीचा."

साहेबांना त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. मी कोंड्याची सगळी हकीकत सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मग अंगणात गेले. पडवीपासून थोड्या अंतरावर एक भेंडीचं झाड होतं, भाजीची भेंडी नव्हे, मोठा वृक्ष, चांगलं पसरलेलं, दाट सावलीचं.

"शाळेची हद्द कुठपर्यंत, बाई?"

"कुंपण अजून मंजूर झालेलं नाही, साहेब."

"मग हद्द पायरीपर्यंत. हे झाड माझ्या तपासणीत येत नाही." ते हौसाबाईंकडे वळले. "फांद्या मजबूत आहेत ना? झोळी बांधण्याआधी ओढून बघा."

"तुमीच बघा की, साहेब. तुमचं वजन हाय."

आणि डिप्टीसाहेबांनी खरोखरच फांदीला लोंबकळून बघितलं! सोगा सुटला, पण फांदी टिकली. साहेब आल्याचं ऐकून धोंडीबा शाळेत आले होते, ते बाहेर वाटेवर रेंगाळणाऱ्या मुलींना हाका मारत सुटले. जेवणाच्या सुट्टीआधी वर्ग भरला होता, आणि साहेबांनी उरलेली तपासणी पूर्ण केली. निघताना मला इतकंच म्हणाले, "पावसाळ्यापुरती एखादी पडवी बघून ठेवा. झाडावर माझा भरवसा जूनपर्यंतच." धोंडीबांनी तिथल्या तिथे आपला गोठा मोकळा करून द्यायचं कबूल केलं.

चौघी परीक्षेला बसल्या. तिघी पास झाल्या. चौथी मुलगी, बायजा, गणितात राहिली. निकाल ऐकून ती भेंडीखाली जाऊन रडत बसली, तेव्हा हौसाबाईंनी तिला एक झोळी हलवायला दिली आणि म्हणाल्या, "रड, पण हात चालू ठेव. पोर उठलं तर दोघी रडशाल." बायजा हसली. पुढच्या वर्षी तीही पास झाली.

पण चौथी झाली तरी पुढे डोंबिवलीच्या शाळेत जायचं म्हणजे पुन्हा घरोघरच्या शंका. एवढ्या लांबच्या वाटेनं मुली जाणार कशा? हौसाबाई म्हणाल्या, बाजाराच्या बाया रोज जातात, त्यांच्या पुढेमागे चालतील. पहिल्या दिवशी त्या स्वतः पोचवणार होत्या. नेमकं त्या दिवशी पोरं कोण बघणार, हा प्रश्न आला तेव्हा मालननं भाजीची पाटी उतरवली. "मी बसतंय," ती म्हणाली. "आज सगळ्यांनी आपापली पोरं मना इका."

जूनमधली ती सकाळ मला स्पष्ट आठवते. दाखल्यासाठी माझी गरज पडेल म्हणून मी डोंबिवलीच्या शाळेच्या कचेरीत थांबले होते. हौसाबाई तिघींना घेऊन आल्या. मुलींच्या वेण्यांना तेल चोपडलेलं, पायांना चिखल. हौसाबाईंनी धुवट लुगडं नेसलं होतं, तेच त्या लग्नकार्याला नेसत.

कारकुनानं दाखले बघितले आणि चष्म्यावरून वर पाहिलं. "काजळपाडा? तिथे मुली चौथीपर्यंत शिकतात?"

"शिकतात का, म्हणून काय इचारतोस?" हौसाबाईंचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू गेला असावा. "तीन उभ्या हायत तुझ्यापुढं. चौथी पुढच्या वर्षाला आणीन. जागा ठेव."

कारकून गोंधळला. माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली, जागा ठेवाच, अशा अर्थानं. त्यानं नावं घातली आणि वर्ग दाखवला. मुलांनी भरलेला लांब व्हरांडा होता. दोघी दोन-चार पावलांनंतर वळून आमच्याकडे बघत थबकल्या, मग पुढे झाल्या. तुळसा सगळ्यांच्या पुढे, पाटी छातीशी धरून, खोल्यांवरचे आकडे वाचत सरळ चालली होती. पाचवीची खोली सापडताच ती आत गेली.

हौसाबाई थोडा वेळ त्या दाराकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. मी खांद्यावर हात ठेवला तर त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा असा फुललेला मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता.

"बघितलंस, मास्तरीण बाय? मागं वळून पण बघितलं नाय पोरीनं!"